घरात घडलेली दुर्बीण आणि धूमकेतूंच्या पावत्या



घरात पंचांग असेल तर उघडून बघा. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू ही नावं आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होती. आजच्या पंचांगात त्यांच्या सोबत आणखी एक नाव असतं, हर्षल. आपल्याकडे मुलांची नावं हर्षल ठेवतात, त्यामुळे हे नाव आपल्यातलंच वाटतं. पण ग्रहाचं हे नाव एका परदेशी माणसाच्या आडनावावरून आलं आहे. त्याचं नाव विल्यम हर्शेल. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ नावाच्या गावात त्याला हा ग्रह दिसला. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात त्यालाच युरेनस म्हणतात.

हा ग्रह दिसला तो घरी बनवलेल्या दुर्बिणीतून. विल्यम काही शास्त्रज्ञ नव्हता. तो देवळात ऑर्गन वाजवायचा आणि गाण्याच्या शिकवण्या घ्यायचा. दुर्बीण बनवायचं वेड त्याला हौसेनं लागलं आणि ती बनली त्याच्या राहत्या घरात. आता घरात एखादी गोष्ट बनते म्हणजे काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कुणीतरी मधे बसून काम करतं आणि त्याच्या भोवती कुणीतरी चूल पेटती ठेवतं, पाणी देतं, सांडलेलं भरतं, हिशेब लिहितं. त्या घरात हे सगळं करणारी बाई होती विल्यमची धाकटी बहीण कॅरोलिन. आजची गोष्ट तिची आहे.

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला. वडील आयझॅक हे फौजेच्या बँडमध्ये वाजवायचे. घरात मुलं बरीच आणि पैसा बेताचा. अगदी लहानपणी तिला देवी आल्या, त्याचे व्रण चेहऱ्यावर राहिले. पुढे दहा वर्षांची असताना टायफसचा ताप आला आणि तिची वाढच खुंटली. मोठेपणी तिची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास राहिली. वडिलांनीच तिला सांगून टाकलं होतं की तुला ना रूप आहे ना पैसा, तेव्हा लग्नाची आशा धरू नकोस.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. मोठी मुलं शिकली म्हणूनच घर सोडून लांब गेली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मग मुलीला लिहिता-वाचता आलं तेवढं पुरे. त्यापुढे विणकाम, शिवण आणि घरकाम. पण जे थोडं लिहिणं कॅरोलिनला आलं, तेही गल्लीच्या कामी आलं. वडील फौजेबरोबर लांब असताना आईची पत्रं तीच लिहायची. शेजारच्या गरीब शिपायांच्या बायकाही तिच्याकडे यायच्या, आणि छावणीतल्या नवऱ्यांना धाडायची त्यांची पत्रं ही एवढीशी पोर लिहून द्यायची.

वडील मात्र आईची नजर चुकवून तिला थोडं व्हायोलिन शिकवायचे. एकदा थंडीच्या स्वच्छ रात्री ते तिला रस्त्यावर घेऊन गेले आणि आकाशातले तारकासमूह दाखवले. त्या दिवसांत एक धूमकेतूही दिसत होता, तोही दाखवला. १७६७ साली वडील वारले आणि ते शिकणं संपलं. कॅरोलिन घरातली बिनपगारी मोलकरीण झाली.

विल्यम तिच्याहून अकरा वर्षांहून थोडा अधिक मोठा. तो इंग्लंडला जाऊन बाथमध्ये स्थिरावला होता. त्याला वाटलं, बहिणीला आपल्याकडे आणावं, गाणं शिकवावं, जमलं तर ती कार्यक्रमांत गाईल आणि घरही सांभाळेल. आई आणि एक भाऊ तिला सोडायला तयार होईनात. तेव्हा कॅरोलिननं काय केलं? विल्यम येणार कळल्यापासून ती घरच्यांसाठी पायमोजे विणत बसली. दोन वर्षं पुरतील एवढे मोजे विणून ठेवले. म्हणजे आपण गेल्यावर कुणाची अडचण व्हायला नको. मधल्या वेळात तोंडात काहीतरी धरून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं ती गाण्याचा रियाजही करायची.

१७७२ च्या ऑगस्टमध्ये विल्यम तिला न्यायला आला. आईनं सोडलं, पण कशावर? विल्यमनं दर वर्षी ठरावीक रक्कम द्यायची, त्यातून आईनं कॅरोलिनच्या जागी कामाला बाई ठेवायची. इथं थोडं थांबून विचार करा. बावीस वर्षांची होईपर्यंत त्या घरात कॅरोलिनच्या कामाला किंमत नव्हती. ती जायला निघाली त्या दिवशी त्याच कामाची किंमत लगेच ठरली आणि दुसऱ्याच्या हातात पडली.

बाथमध्ये आल्यावर सहा आठवड्यांत तिला एकटीला बाजारात पाठवलं. इंग्रजी धड येत नव्हतं. कोळिणी, खाटीक, टोपलीवाल्या यांच्या गलक्यात घाबरून जे हाताला लागलं ते घेऊन ती परत आली. तिला ठाऊक नव्हतं की दुसरा भाऊ अलेक्झांडर लपत-छपत मागं होता, ती घरी नीट पोचते की नाही ते बघायला. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी विल्यम तिला इंग्रजी आणि हिशेब शिकवायचा. पाढे मात्र तिला कधीच पाठ झाले नाहीत. वय उलटून गेलं होतं. म्हणून पाढ्यांचा कागद ती कायम जवळ ठेवायची. पुढं याच बाईनं हजारो ताऱ्यांची आकडेमोड केली, तो कागद जवळ ठेवूनच.

गाण्यातही तिनं नाव काढलं. मोठ्या कार्यक्रमांत ती मुख्य गायिका म्हणून उभी राहू लागली. १७७८ साली बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवात गायचं बोलावणं आलं, पण भाऊ वाजवायला नसेल तिथं गायचं नाही म्हणून तिनं ते नाकारलं. तोवर घराला दुसरंच वेड लागलेलं होतं.

१७७३ साली विल्यमनं ताऱ्यांवरचं एक पुस्तक आणलं आणि ग्रह स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं त्याच्या डोक्यात शिरलं. सुरुवात भिंगांपासून झाली. त्या काळात भिंगांची दुर्बीण चांगली करायची तर नळी फार लांब लागायची. कॅरोलिनला काम मिळालं, पुठ्ठ्याची नळी चिकटवायचं. अठरा-वीस फूट लांब! भिंगं लंडनहून आली, पण पुठ्ठा मधेच वाकायचा. शेवटी पत्र्याची नळी करावी लागली. एवढी लांब नळी आकाशाकडे धरायची तरी कशी? म्हणून विल्यम आरशाच्या दुर्बिणीकडे वळला.

ही दुर्बीण समजायला सोपी आहे. नळीच्या तळाशी एक खोलगट आरसा असतो. आकाशातून आलेला उजेड त्या आरशावर पडतो आणि खोलगटपणामुळे एका जागी गोळा होतो. पसरट परातीत चोहोकडून ओतलेलं पाणी जसं मधे जमतं, तसंच काहीसं. तिथं दुसरा एक छोटा आरसा तिरका बसवून तो उजेड नळीच्या बाजूला काढतात आणि डोळ्याजवळच्या भिंगातून मोठा करून पाहतात. आरसा जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त, आणि तेवढे अंधुक तारे दिसतात. सगळी करामत त्या खोलगट आरशात आहे.

तयार आरसे महाग होते. बाथमध्ये एक माणूस हौसेनं आरसे घासायचा, तो काम सोडत होता. विल्यमनं त्याची हत्यारं, साचे आणि अर्धवट झालेले आरसे विकत घेतले. त्या वेळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसायचा. तांबं आणि कथील वितळवून एक पांढरा, चकचकीत, पण ठिसूळ धातू ओतायचा, मग तो घासून घासून खोलगट करायचा आणि झिलई द्यायची. तांबं-कथलाचा धातू म्हणजे काशाचाच भाऊ. फक्त यात कथील जास्त असतं, म्हणून तो उजळ होतो आणि धक्का लागला की तडकतोही.

मग घराचं काय झालं? कॅरोलिननं नंतर लिहून ठेवलं आहे की एकेक खोली कारखाना होत गेली. बैठकीच्या खोलीत सुतार नळ्या आणि घोड्या बनवत बसला. निजायच्या खोलीत अलेक्झांडरनं भलंमोठं लेथ यंत्र मांडलं. त्यातच गाण्याच्या शिकवण्या, कार्यक्रम, पाहुणे. आणि घरात रोज जेवण व्हायलाच हवं.

झिलईचं काम सुरू झालं की शेवटच्या टप्प्यात हात थांबवता येत नाही. थांबला तर आरशाचा घडत आलेला आकार बिघडतो. एकदा विल्यम सलग १६ तास आरशावरून हात न काढता बसला. तेव्हा कॅरोलिन त्याच्या तोंडात एकेक घास भरवत होती. त्याचं मन लागावं म्हणून ती अरबी सुरस कथा आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायची. गरज पडली की हातात हत्यार घेऊन मदतीलाही बसायची. पुढं तिलाही झिलईचं काम जमू लागलं.

१ मार्च १७७४ ला विल्यमनं वेधांची पहिली वही सुरू केली. पहिल्याच पानांत मृगातला तेजोमेघ आहे. आपणही मृग नक्षत्र ओळखतो. त्यातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ जो धुरकट ठिपका दिसतो, तोच हा. त्यानंतर सात वर्षं आरशांमागून आरसे झाले. १७८१ साली ज्या दुर्बिणीतून नवा ग्रह दिसला, तिचा आरसा जेमतेम १६ सेंटिमीटर रुंद होता, म्हणजे लहान ताटलीएवढा. मोठमोठ्या वेधशाळांना जे जमलं नव्हतं ते एवढ्याशा आरशानं केलं, कारण तो फार नीट घासलेला होता.

नाव झालं तशी हाव वाढली. त्याच वर्षी विल्यमनं ३ फूट रुंदीचा आरसा घरीच ओतायचं ठरवलं. एवढा साचा कुठला ओतकार करून देईना. मग तळघरात भट्टी उभी राहिली. साचा करायचा होता चिकणमाती आणि घोड्याच्या लिदीचा. ढीगभर लीद आणली. ती खलात कुटायची आणि बारीक चाळणीनं चाळायची. हे काम किती दिवस चाललं! कॅरोलिन कुटत होती, चाळत होती, अलेक्झांडर हात लावत होता, आणि घरी येणारे विल्यमचे एक डॉक्टर मित्रही लीद कुटायला बसले.

शेण-लीद कशाला, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. तुम्हाला पडणार नाही. कणगी लिंपताना, भिंत सारवताना आपण मातीत शेण का घालतो? नुसती माती वाळली की भेगा पडतात, शेणातल्या काड्या तिला धरून ठेवतात. साच्यातही तेच. शिवाय तापलेला धातू आत पडला की त्या काड्या जळून बारीक छिद्रं राहतात आणि आतली वाफ बाहेर पडते. नाहीतर साचा फुटतो. जगातली मोठी दुर्बीण घडवायला जे ज्ञान लागलं, त्यातलं एक आपल्या अंगणात रोज वापरलं जातं.

एवढं करूनही पहिला आरसा निवताना तडकला. दुसऱ्या खेपेला भट्टीच गळली. वितळलेला धातू फरशीवर वाहिला आणि तापलेल्या फरशा फुटून छतापर्यंत उडाल्या. दोघं भाऊ आणि कामगार दोन्ही दारांनी पळाले. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. तो आरसा त्या घरात कधीच झाला नाही.

१७८२ साली इंग्लंडच्या राजानं विल्यमला वर्षाला २०० पौंड पगार लावून दिला. आता त्यानं राजवाड्याजवळ राहायचं आणि आकाशच पाहायचं. गाणं बंद. कॅरोलिनचंही गाणं बंद झालं. आपल्या मेहनतीनं कमावलेली कला तिला सोडावी लागली, आणि तिला कुणी विचारलं नाही. भावानं तिला एक छोटी दुर्बीण दिली आणि सांगितलं, आकाश झाडून काढ, काही नवं दिसलं तर टिपून ठेव. दवानं भिजलेल्या, कधी हिमानं पांढऱ्या पडलेल्या गवतात ती रात्रभर एकटी उभी राहायची. हाक मारावी तर ऐकायला जवळ कुणी नाही. सुरुवातीला तिला हे अजिबात आवडलं नाही, हे तिनं स्वतःच लिहिलं आहे.

पण नजर बसली. १७८३ साली तिला देवयानीच्या मोठ्या दीर्घिकेशेजारची छोटी दीर्घिका दिसली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. त्याच वर्षी शिल्पकार नावाच्या तारकासमूहात तिनं एक नवी दीर्घिका शोधली, तिच्या आधी ती कुणी नोंदवलेली नव्हती. ही इंग्लंडमधून पार क्षितिजाला चिकटून दिसते. आपल्या महाराष्ट्रातून मात्र कार्तिक-मार्गशीर्षात ती दक्षिणेकडे चांगली अर्ध्या आकाशापर्यंत वर येते.

भावाचं काम सुरू झालं की तिची दुर्बीण बाजूला राहायची. विल्यम शिडीवर चढून मोठ्या दुर्बिणीतून बघायचा आणि ओरडून सांगायचा. कॅरोलिन घड्याळासमोर बसून वेळ आणि जागा लिहायची. थंडी एवढी की कधी दौतीतली शाई गोठायची. दिवसा पुन्हा सगळं नीट उतरून काढायचं, हिशेब करायचे. १७८३ च्या ३१ डिसेंबरला बर्फात धावत दुर्बिणीचं यंत्र फिरवायला जाताना ती घसरून पडली आणि एक लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवून काढताना मांसाचा तुकडा आकड्याला राहिला. तिच्या आठवणींत या दुखण्याबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे: पुढच्या रात्री ढगाळ होत्या, म्हणून भावाच्या कामाचं नुकसान झालं नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकून आपल्याला राग येतो. पण नवल वाटत नाही. तापानं फणफणलेली बाई गुरांना वैरण टाकून मगच अंथरुणावर पडते, हे आपण पाहिलेलं आहे.

१७८६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम जर्मनीला गेला होता. घर, कामगार, हिशेब सगळं तिच्या अंगावर. पण रात्री तिच्या स्वतःच्या होत्या. १ ऑगस्टच्या रात्री तिला आपल्या छोट्या दुर्बिणीतून एक अंधुक ठिपका दिसला. धूमकेतू आहे का? धूमकेतू असेल तर तो ताऱ्यांमधून सरकतो. ती घाईनं काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिलं. ठिपका सरकला होता. लगेच तिनं लंडनच्या जाणकारांना पत्र लिहून कळवलं. १७९७ पर्यंत तिला असे आठ धूमकेतू सापडले. आठवा दिसला तेव्हा तिनं टपालाची वाटही पाहिली नाही. घोड्यावर बसून चाळीसएक किलोमीटर लांब ग्रीनिचच्या वेधशाळेत ती स्वतः सांगायला गेली.

पहिल्या धूमकेतूच्या पुढच्या वर्षी, १७८७ मध्ये, राजानं तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड पगार ठरवून दिला. विज्ञानाच्या कामासाठी इंग्लंडमध्ये पगार मिळवणारी ती पहिली बाई. पहिल्या तिमाहीचे साडेबारा पौंड हातात आले तेव्हा ती ३७ वर्षांची होती. स्वतःच्या मर्जीनं खर्चावा असा आयुष्यातला हा आपला पहिला पैसा, असं तिनं नोंदवलं आहे. गटातलं पहिलं कर्ज किंवा पहिल्या विक्रीचे पैसे ज्यांच्या हातात पडले, त्यांना या वाक्यातलं सगळं कळेल. विल्यमचा पगार तिच्या चौपट होता, हेही ध्यानात ठेवू.

१७८८ मध्ये विल्यमचं लग्न झालं. सोळा वर्षं चालवलेलं घर तिला वहिनीच्या हाती द्यावं लागलं आणि ती वेगळी खोली घेऊन राहू लागली. त्या काळातली डायरी तिनं पुढं फाडून टाकली. पण पगार तिचा होता, दुर्बीण तिची होती. आठातले सात धूमकेतू तिला या लग्नानंतर सापडले. १७९८ साली तिनं ताऱ्यांच्या एका जुन्या मोठ्या यादीतल्या चुका सुधारून, राहून गेलेले ५५० हून अधिक तारे भरून काढले. ते काम लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापलं. १८२२ साली विल्यम वारला. ती हॅनोव्हरला परत गेली आणि भावानं पाहिलेल्या सुमारे २,५०० तेजोमेघांची आणि तारकापुंजांची यादी पुतण्यासाठी नव्यानं लावून दिली. त्याबद्दल १८२८ साली तिला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर हे पदक दुसऱ्या बाईला, अमेरिकेच्या व्हेरा रुबिन यांना मिळालं, ते १९९६ साली. मधे १६८ वर्षं गेली. ९ जानेवारी १८४८ ला कॅरोलिन वारली तेव्हा ती ९७ वर्षांची होती.

आता तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगते, ती विचार करायला लावणारी आहे. लोक तिचं कौतुक करायला लागले की ती म्हणायची, मी काहीच केलं नाही, शिकवलेल्या कुत्र्याच्या पिल्लानंही एवढं केलं असतं. ही तिची भाषा होती. आपल्या बैठकीतही ही भाषा आपण ऐकतो. पापडाचा सगळा हिशेब सांभाळणारी बाई म्हणते, मी काय केलं, सगळ्यांनी केलं. बांधावर दिवसभर राबलेली म्हणते, शेत मालकांचं, मी नुसती मदत करते.

पण तिचे कागद वेगळं सांगतात. धूमकेतूंबद्दलची सगळी टिपणं, पाठवलेली पत्रं, आलेली उत्तरं तिनं एकत्र बांधून जपून ठेवली होती. आणि त्या गठ्ठ्याला नाव काय दिलं? माझ्या धूमकेतूंची बिलं आणि पावत्या. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईनं धूमकेतूंचाही हिशेब ठेवला. तोंडानं ती काहीच केलं नाही म्हणत राहिली, पण पावती तिनं फाडली नाही. म्हणून तिला कोणते धूमकेतू दिसले, ते आज सव्वादोनशे वर्षांनंतरही कळतं. भरवलेल्या घासांची, चाळलेल्या लिदीची पावती कुणी केली नाही. तीही आपल्याला कळली, कारण तिनं स्वतः बसून ती आठवण लिहिली.

घरी दुर्बीण बनवणं आजही बंद पडलेलं नाही. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाश निरीक्षकांना एकत्र आणते. पुण्याच्याच आयुका संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. आता आरसा काचेचा असतो, भट्टी लागत नाही. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. मधे पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालायची. ही भुकटी म्हणजे धार लावायच्या दगडात असते तीच. खालची चकती पक्की बसवून वरची तिच्यावर पुढं-मागं घासायची, आणि दर थोड्या वेळानं स्वतः भोवती सरकायचं. जात्यासारखंच बैठं काम. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. भुकटी आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक.

१५ सेंटिमीटरच्या आरशाला किती खोली लागते माहीत आहे? साधारण सव्वा मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याच्या जाडीहून कमी. पण शेवटच्या झिलईत आकार जवळजवळ मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत नीट यावा लागतो. तो तपासायला एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड पुरतं. आरशावरून परत येणारा उजेड ब्लेडच्या धारेनं हळूच कापला की कुठं उंचवटा आहे, कुठं खळगा आहे, ते सावलीत दिसतं. शेवटी काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा चढवून आणतात. या सगळ्याला ताकद फार लागत नाही. लागतो तो हाताचा अंदाज आणि दम. दोन्ही आपल्याकडे आहेत.

दुर्बीण नसली तरी सुरुवात करता येते. गावाबाहेर अंधार असतो, ही आपली श्रीमंती आहे. शहरातल्या हौशी लोकांना त्यासाठी गाडी काढून लांब जावं लागतं. कार्तिक-मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास, जेवणं उरकल्यावर, दिवे मालवून अंगणात बसा. पंधरा-वीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. डोक्यावर जरा उत्तरेला देवयानीचा धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कुणाकडे साधी दुडोळी दुर्बीण असेल तर दक्षिणेला कॅरोलिनची शिल्पकारातली दीर्घिका शोधून बघा. मुलांना मात्र बजावून ठेवा, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहायचं नाही. डोळा कायमचा जातो.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक छोटं काम करा. ठरावाच्या वहीत काम लिहितो, तारीख लिहितो, रक्कम लिहितो. त्याच्या पुढे ते काम कुणी केलं, तिचं नावही लिहा. ती नको म्हणेल, मी काहीच केलं नाही म्हणेल. तिला म्हणू द्या. नाव लिहा.